पुरस्कार कोणी द्यायचा, आणि कोणत्या भाषेतल्या गाण्याला?

मेलबर्नच्या कुठल्याही ऑफिसात पन्नाशी ओलांडलेल्या सहकाऱ्यासमोर 'काउंटडाउन' हा एक शब्द उच्चारून पाहा. प्रॉडक्शन सर्व्हर बंद पडलेला असो नाहीतर क्लायंट फोनवर ताटकळत असो, गडी खुर्चीत मागे रेलतो आणि सुरू होतो. रविवारची संध्याकाळ, एबीसी चॅनेल, हॅट घातलेला आणि वाक्यं अर्धवट सोडणारा मॉली मेल्ड्रम, आणि सोमवारी शाळेत फक्त त्याच गाण्यांची चर्चा. आपल्या पिढीसमोर 'छायागीत' म्हटल्यावर जे होतं ना, अगदी तेच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि 'काउंटडाउन' ८ नोव्हेंबर १९७४ ला. म्हणजे ही भावंडं तशी पाठोपाठचीच.

हे सगळं आठवायचं कारण आपल्या मंडळाची एक बैठक. गणेशोत्सवातल्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत बक्षीस फक्त मराठी गाण्याला द्यायचं, की मूल जे गाईल त्याला द्यायचं, यावर त्या दिवशी चहा गार होईपर्यंत वाद झाला. एक बाजू म्हणत होती, मराठीचा आग्रह धरला तर नावंच येणार नाहीत. दुसरी म्हणत होती, मग हा कार्यक्रम आपण कशाला करायचा, शाळेचा टॅलेंट शो आहेच की. दोन्ही बाजूंना आपापली मुलं होती, त्यामुळे आवाज जरा चढले. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नकोच. घरी आल्यावर मला प्रश्न पडला, आपण ज्या देशात राहतो त्या देशाने हे प्रश्न कसे सोडवले? इथे गाण्यांना बक्षिसं द्यायला कधी सुरुवात झाली, ती टीव्हीवर कशी आली, आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेला तिथे जागा मिळाली का? शोधत गेलो तर सगळे धागे आपल्या मेलबर्नमध्येच येऊन गुंतलेले निघाले.

मी २००४ साली मास्टर्ससाठी इथे आलो, तेव्हा आम्ही चौघं मिळून कॉलफील्डला राहत होतो. रात्री पिझ्झा पोचवायचं काम करायचो. त्या फेऱ्यांत एल्स्टर्नविकच्या गॉर्डन स्ट्रीटवर एबीसीचा रिपनली स्टुडिओ लागायचा. आत काय काय घडून गेलंय याची तेव्हा कल्पना नव्हती. मला फक्त तिथला चढ आणि पाऊस आठवतो. नोव्हेंबर १९५६ मध्ये, मेलबर्न ऑलिंपिकच्या तोंडावर, एबीसीचं इथलं दूरचित्रवाणी प्रक्षेपण या स्टुडिओतून सुरू झालं. 'काउंटडाउन' वर्षानुवर्षं इथेच तयार होत असे. २०१७ साली एबीसी तिथून साउथबँकला गेली.

पण बक्षिसांची गोष्ट 'काउंटडाउन'च्याही आधीची. १९६६ च्या फेब्रुवारीत मेलबर्नमध्ये 'गो-सेट' नावाचं पॉप संगीताचं साप्ताहिक निघालं. तरुण पोरांनी पोरांसाठी काढलेलं. त्यांनी वाचकांचा कौल घेतला, आणि १९६७ चा निकाल 'द गो!! शो' या टीव्ही कार्यक्रमात दाखवला गेला. नॉर्मी रो या गायकाला 'किंग ऑफ पॉप' म्हणून तिथे मुकुट चढवण्यात आला. लवकरच या राजाला सक्तीच्या लष्करी भरतीत जावं लागलं आणि तो व्हिएतनामच्या युद्धावर गेला. राजेपद किती दिवसांचं असतं पाहा!

पुढे 'टीव्ही वीक' साप्ताहिकाने हा पुरस्कार आपल्याकडे घेतला. अंकात कूपन छापायचं, वाचकांनी ते कापून, भरून, तिकीट लावून पाठवायचं. १९६९ पासून सलग पाच वर्षं राजा झाला जॉनी फार्नहॅम. हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर बोटीने आलेला मुलगा. म्हणजे आपल्यासारखाच स्थलांतरित, फक्त त्याला 'व्हेअर आर यू फ्रॉम' असं कोणी विचारत नसावं.

कूपनवरून आपल्याला 'फिल्मफेअर' आठवणारच. मुंबईत मेट्रो सिनेमात २१ मार्च १९५४ रोजी पहिला सोहळा झाला तोही वाचकांच्या कौलावरच. आणि तिथे एका मराठी बाईने जे केलं ते इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९५७ च्या सोहळ्यात 'चोरी चोरी'च्या संगीताचा पुरस्कार शंकर-जयकिशन यांना मिळाला. जयकिशन यांनी लता मंगेशकरांना विनंती केली, 'रसिक बलमा' समारंभात गा. लताबाईंनी नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे ना, मग शब्द आणि आवाज वगळून नुसती चाल वाजवा, असा त्यांचा मुद्दा होता. तोवर पार्श्वगायकाला फिल्मफेअर पुरस्कारच नव्हता! अखेर १९५९ साली तो सुरू झाला आणि पहिला मान 'मधुमती'मधल्या 'आजा रे परदेसी'साठी त्यांनाच मिळाला. पुरुष आणि स्त्री गायकांसाठी वेगळे पुरस्कार व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली. समारंभ केवढाही झगमगीत असो, यादीत कोणता रकाना आहे आणि कोणता नाही हे आधी पाहावं, ही दृष्टी मला या एका प्रसंगाने दिली. डेटाबेसवर पोट भरणाऱ्या माणसाला तर ती लगेच पटते. टेबलात कॉलमच नसेल तर माहिती भरणार कुठे?

परत मेलबर्नला येऊ. १९७९ पासून 'टीव्ही वीक'च्या पुरस्कारांना 'काउंटडाउन' येऊन मिळालं. या कार्यक्रमाची ताकद फार होती. १९७५ मध्ये त्यांनी ॲबा या स्वीडिश गटाच्या 'मामा मिया'ची फिल्म दाखवली आणि देश त्या गाण्यासाठी वेडा झाला. मॉली मेल्ड्रमची तऱ्हा वेगळीच. १९७७ मध्ये प्रिन्स चार्ल्सची मुलाखत घेताना त्याची अशी काही बोबडी वळली की लोक ती चित्रफीत अजून काढून काढून बघतात. पण पोरांना तो आपला वाटायचा. पुरस्कारांतही पोरांचा कौल मोठा, आणि जिथे पोरांचा कौल तिथे पोरांच्या टोळ्या. १९८६ च्या सोहळ्यात इनएक्सएस आणि अनकॅनी एक्स-मेन या दोन गटांच्या चाहत्यांमध्ये चक्क धक्काबुक्की झाली. आपल्याकडे दोन नटांच्या चाहत्यांत होते तशीच, फक्त दुधाचा अभिषेक नव्हता.

रेकॉर्ड कंपन्यांना हा प्रकार पसंत नव्हता. त्यांची 'एरिया' ही संघटना १९८३ मध्ये स्थापन झाली होती. त्यांनी ठरवलं, आता आपले पुरस्कार आपण देऊ, आणि मुख्य पुरस्कारांचा निर्णय या धंद्यातली जाणती माणसं करतील. २ मार्च १९८७ रोजी सिडनीच्या शेरेटन वेंटवर्थ हॉटेलात पहिला एरिया पुरस्कार सोहळा झाला. सूत्रसंचालक साक्षात एल्टन जॉन. आणि गंमत म्हणजे टीव्हीचा कॅमेरा नाही! वीस वर्षं पडद्यावर वाढलेले पुरस्कार धंद्याच्या हातात आले आणि थेट बंद दाराआड गेले. त्या रात्रीचा मानकरी पुन्हा फार्नहॅम, आता जॉनीचा जॉन झालेला. मधल्या काळात त्याला कोणी विचारत नव्हतं. त्याचा अल्बम काढायला कंपन्या तयार नव्हत्या, तेव्हा ग्लेन व्हीटली या त्याच्या मॅनेजरने स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले. तो अल्बम 'व्हिस्परिंग जॅक', आणि त्यातलं गाणं 'यू आर द व्हॉइस'. देशात दहा लाखांवर प्रती खपलेला हा पहिला ऑस्ट्रेलियन अल्बम. घर गहाण ठेवण्याची ही गोष्ट मी गृहकर्ज घेताना बायकोला सांगितली होती. तिच्यावर अपेक्षित परिणाम झाला नाही.

'काउंटडाउन' त्याच वर्षी १९ जुलैला संपलं. शेवटच्या कार्यक्रमात मॉलीने आपली प्रसिद्ध हॅट काढली, तर खाली डोक्याचा चकाचक गोटा. सगळं सभागृह हसलं. एका पिढीचा रविवार मात्र तिथे संपला.

पुढची काही वर्षं एरिया सोहळे टीव्हीविना झाले. मग १९९२ मध्ये कॅमेऱ्यांना आत घेतलं गेलं. माझ्या मते त्याला दुसरा इलाजच नव्हता. लोकांना न दाखवता लोकप्रिय संगीताचा सन्मान किती दिवस करणार? तो सोहळा झाला ६ एप्रिल १९९२ ला, आपल्याच मेलबर्नमध्ये, वर्ल्ड काँग्रेस सेंटरमध्ये. आणि टीव्हीवर दिसलेल्या या पहिल्या एरिया रात्री वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरलं योथू यिंडी या गटाचं 'ट्रीटी'.

या गाण्यापाशी मला थोडं थांबायचं आहे. योथू यिंडी हा उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधला गट. आदिवासी योल्ङू कलाकार आणि गोरे वादक यांनी मिळून काढलेला. गायक मंडावुय युनुपिंगु हे पेशाने शिक्षक. यिर्कला नावाच्या वस्तीतल्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, आणि मुलांना योल्ङू आणि इंग्रजी अशा दोन्ही ज्ञानपरंपरांतून शिकवायचं, एकीसाठी दुसरी टाकायची नाही, हा त्यांचा आग्रह. आपल्या रविवारच्या मराठी शाळेतल्या ताईंनी या माणसाबद्दल जरूर वाचावं.

गाण्याची पार्श्वभूमी अशी. जून १९८८ मध्ये बरुंगा इथे पंतप्रधान बॉब हॉक यांना आदिवासी नेत्यांनी झाडाच्या सालीवरच्या चित्रपद्धतीने नटवलेलं एक निवेदन दिलं. हॉक यांनी तिथे करार करण्याचं आश्वासन दिलं. करार म्हणजे ट्रीटी. वर्षं गेली, करार आला नाही. १९९१ मध्ये त्यावरच हे गाणं आलं. पॉल केली, पीटर गॅरेट अशा नामवंत गोऱ्या कलाकारांचाही त्याच्या लेखनात हात होता. अर्धं गाणं इंग्रजीत, अर्धं योल्ङूंच्या गुमाज बोलीत. चाल 'जत्पंगारी' या त्यांच्या नाचाच्या गाण्याच्या वळणाची, साथीला यिदाकी म्हणजे आपण डिजरिडू म्हणतो ते वाद्य, आणि टिपऱ्यांसारख्या बिल्मा.

मूळ गाणं आलं आणि फारसं कोणी लक्ष दिलं नाही. मग मेलबर्नच्या फिल्दी ल्यूकर नावाच्या मंडळींनी त्याला डान्स क्लबचा ठेका देऊन नवं रूप केलं. या नव्या रूपात इंग्रजी भाग बराचसा गळला आणि गुमाज भाषा पुढे आली! ज्यांना एक शब्द कळत नव्हता असे लोक त्यावर नाचले. गाणं देशाच्या विक्रीच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. भाषा कळल्याशिवाय गाणं चालत नाही असं जे आपण बैठकीत ठासून सांगतो, त्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

तारखाही जरा जुळवून पाहा. २० डिसेंबर १९९१ रोजी हॉक यांचं पंतप्रधानपद गेलं, आणि जाता जाता त्यांनी केलेलं शेवटचं सार्वजनिक काम म्हणजे ते बरुंगा निवेदन संसद भवनात भिंतीवर लावणं. करार नाही, निदान निवेदनाला भिंत तरी मिळाली. त्यानंतर चार महिन्यांच्या आत 'ट्रीटी'ला पुरस्कार. आणि ३ जून १९९२ रोजी उच्च न्यायालयाचा माबो निकाल आला, ज्याने ही भूमी गोरे येण्याआधी कोणाचीच नव्हती ही कायद्यातली समजूत मोडून काढली. गाण्यामुळे निकाल लागला असं कोणी म्हणणार नाही. पण त्या सहा महिन्यांत घराघरांतल्या टीव्हीवर ती भाषा ऐकू आली होती. युनुपिंगु १९९२ चे 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' ठरले. २०१३ मध्ये, वयाच्या अवघ्या छप्पन्नाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले.

आता याच प्रश्नाचं दुसरं उत्तर पाहू. ते अमेरिकेतल्या स्पॅनिश आणि पोर्तुगीज संगीतवाल्यांनी दिलं. ग्रॅमीच्या मोठ्या मांडवात त्यांना थोडे कोपरे होते, पण तेवढ्यावर भागेना. १९९७ मध्ये लॅटिन रेकॉर्डिंग अकादमी निघाली आणि १३ सप्टेंबर २००० रोजी लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये पहिला लॅटिन ग्रॅमी सोहळा झाला. सीबीएससारख्या मोठ्या इंग्रजी चॅनेलवर ऐन मोक्याच्या वेळी तास-दोन तास प्रामुख्याने स्पॅनिशमध्ये चाललेला असा कार्यक्रम अमेरिकेने आधी पाहिला नव्हता. त्या रात्री सर्वोत्तम नवोदित कलाकार कोण ठरलं? क्यूबाचे इब्राहिम फेरर, वय वर्षं त्र्याहत्तरच्या आसपास! आयुष्यभर गायलेला माणूस, पण जगाच्या यादीत नवोदित. आपल्या मंडळात साठीनंतर पहिल्यांदा स्टेजवर चढणाऱ्या काकांनी हे ध्यानात ठेवावं.

स्वतःचा मांडव घातला म्हणून भांडणं संपतात असं मात्र नाही. मेक्सिकोच्या मातीतलं संगीत काढणाऱ्या फोनोविसा कंपनीने पहिल्याच सोहळ्यावर बहिष्कार घातला; सगळा मान मायामीच्या चकचकीत पॉपला, आम्हाला कोण विचारतो, अशी त्यांची तक्रार. विदर्भ-मराठवाड्याची पुण्या-मुंबईबद्दलची तक्रार ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. दुसरा सोहळा मायामीत व्हायचा होता, पण क्यूबन निर्वासितांच्या निदर्शनांच्या धास्तीने तो पुन्हा लॉस एंजेलिसला हलवला. त्याची तारीख होती ११ सप्टेंबर २००१. तो झालाच नाही. आणि २००५ पासून कार्यक्रम सीबीएसवरून युनिव्हिजन या स्पॅनिश चॅनेलवर गेला. म्हणजे मोठ्या घराच्या दिवाणखान्यातून पुन्हा आपल्या घरात. तिथे त्याची चांगली भरभराट झाली. २०२३ चा सोहळा तर स्पेनमध्ये सेव्हिलला झाला. पण सीबीएस लावून बसलेल्या इंग्रजीभाषक शेजाऱ्याच्या कानावर ती भाषा आपोआप पडणं थांबलं.

स्पॅनिशला हे परवडतं. तिच्यामागे वीसेक देश आहेत. मराठीमागे बारा कोटींचं राज्य आहे, पण ट्रुगानिनातल्या मराठी मुलामागे कोण आहे? घरातली दोन माणसं आणि आपलं मंडळ. म्हणून माझं मत असं की मंडळाच्या स्पर्धेत बक्षीस मराठी गाण्यालाच असावं, तो रकाना आपण नाही ठेवला तर दुसरं कोणीही ठेवणार नाही. हिंदी गाण्यांसाठी हवं तर वेगळी फेरी करू. पण तेवढ्यावर थांबू नये. जिंकलेलं गाणं कौन्सिलच्या उत्सवात आणि शाळेच्या असेंब्लीत, ढोलकीसकट, मराठी न कळणाऱ्यांसमोर गायलं जावं. त्यांना नाचू द्या की!

आता ट्रुगानिनाबद्दल. आपण 'ट्रुगा' म्हणून मोकळे होतो, पण हे नाव ट्रुगानिनी या टास्मानियाच्या आदिवासी स्त्रीवरून आलं आहे. १८३९ मध्ये तिला इकडे पोर्ट फिलिपला आणलं गेलं. १८४१ मध्ये ती आणि तिचे चार साथीदार बंड करून गोऱ्यांच्या वस्त्यांवर धावून गेले. त्यातल्या दोघा पुरुषांना २० जानेवारी १८४२ रोजी मेलबर्नमध्ये जाहीर फाशी झाली, शहरातली पहिली. ट्रुगानिनीला परत पाठवलं. ८ मे १८७६ रोजी ती होबार्टला वारली, आणि 'शेवटची टास्मानियन' असा खोटा शिक्का तिच्यावर मारला गेला. तिचा सांगाडा १९०४ पासून १९४७ पर्यंत संग्रहालयात मांडून ठेवला होता. अस्थी पाण्यात सोडायला १९७६ उजाडलं.

शिक्का खोटा, कारण तिच्यामागे माणसं होती. फॅनी कॉक्रेन स्मिथ ही त्यांतली एक. आपण खऱ्या टास्मानियन वंशाच्या आहोत की नाही याबद्दलच्या शंका तिला आयुष्यभर ऐकाव्या लागल्या. १८९९ आणि १९०३ मध्ये तिने फोनोग्राफच्या कर्ण्यात आपल्या भाषेतली गाणी म्हटली आणि ती मेणाच्या नळकांड्यांवर उतरवून घेतली गेली. १९०३ चा तिचा फोटो आहे. समोर होरेस वॉटसन नावाचा गृहस्थ यंत्र धरून, आणि ही म्हातारी कर्ण्याकडे तोंड करून उभी. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकल्यावर ती रडली असं सांगतात. दोन वर्षांनी ती गेली. टास्मानियाच्या मूळ भाषांतल्या गाण्यांचं तेवढंच मूळ ध्वनिमुद्रण शिल्लक आहे, आणि तिथले आदिवासी 'पलावा कानी' ही भाषा नव्याने उभी करताना जुन्या शब्दयाद्यांबरोबर त्या नळकांड्यांकडेही कान लावून बसले.